दहावी कुठली?

सेतू केंद्रातल्या पोरानं मान वर न करता विचारलं
आणि मी, वीस वर्षं सीपीआरच्या वॉर्डात
कोण कुठल्या गावचं, कुणाचं रक्त कुठल्या गटाचं
झोपेतही बरोबर सांगणारी,
गप्प झाले.

बाकी सगळं होतं हो पिशवीत.
रेशनकार्ड, लाईटबिल, ह्यांच्या शाळेचा दाखला,
डोमिसाइल तर लॅमिनेट केलेलं,
ते तसं करायचं नसतं, हेही आजच कळलं.
आणि पद्मजाचा जन्मदाखला.
जन्मस्थळ: हेच हॉस्पिटल.
जुनी प्रसूतीची खोली,
जिची फरशी मी आठवा लागेपर्यंत पुसली
आणि नववा सरताना तिथंच आडवी झाले.

दहावी बेडकिहाळची.
माझ्या बहिणीकडं.
ह्यांना शिरोलीच्या फाउंड्रीत रात्रपाळी,
मलाही रात्रपाळी,
आणि वयात येणारी पोर आतून कडी लावून एकटी.
म्हणून आठवी, नववी, दहावी.
दर शनिवारी स्टँडवरनं निपाणीची गाडी,
मांडीवर शेंगदाण्याच्या चटणीची बरणी,
इस्त्रीचा युनिफॉर्म चुरगळू नये म्हणून वर्तमानपत्रात.
कागल गेलं, दूधगंगा गेली, कोगनोळीचा टोलनाका,
मग दुकानांच्या पाट्या गोल अक्षरांच्या.
पुलावर मी खिडकी ओढून घ्यायचे,
वाऱ्यानं तिचे कान दुखायचे.
तिथं आणखी काही बंद होत होतं
हे कुणी सांगितलं नाही.

पोरगा बरा होता. दुसरी यादी काढली.
"सीमाभागातल्यांना वेगळा दाखला असतो, मावशी.
मातृभाषा मराठी लागते, आणि राहायला तिकडं लागतं.
तुम्ही तर इकडच्या."
म्हणजे एका यादीला आम्ही इकडचे
आणि दुसरीला, दहावीपुरते, तिकडचे.

मातृभाषा म्हणाल तर
माझी आई डेअरीत दूध मोजायची कन्नडमध्ये,
ओंदु, एरडु, मूरु,
आणि माप सांडलं की शिवी मराठीत.
मी लाँड्रीला चादरी मोजून देते त्या अजून तशाच.
खाली निजलेला चिकोडीचा असो की गडहिंग्लजचा,
सव्विसावी चादर इप्पत्तारु.

शुक्रवारची मुदत.
गुरुवारी दोघी बेडकिहाळला.
हेडसरांनी कपाटातनं रजिस्टर काढलं,
बोटाला थुंकी लावत पानं उलटली.
पद्मजानंच ओळ दाखवली.
नाव. जन्मतारीख. आधीची शाळा.
पुढं कायमचा पत्ता, कन्नडमध्ये,
निळ्या शाईत, सुरेख वळणाचं:
कोल्हापूर.

"हिला इथं नावानं कोण हाक मारतंय?" सर हसले.
"ए कोल्हापूर, फळा पूस.
ए कोल्हापूर, तुझी मावशी आलीय."

शिक्का मारून दिला. पैसे घेतले नाहीत.
त्या कागदानं काही होणार नाही, मला ठाऊक आहे.
शाळेचं गाव विचारलंय, पोरीचं नाही.

परतीच्या गाडीत जागा नव्हती.
पद्मजा दांडी धरून उभी, ओठ हलत होते.
म्हटलं, आता कशाला पाठ करतीस?
"मनगटात आठ हाडं असतात, आई.
एक नेहमी विसरते."
तिनं माझं मनगट धरलं,
पर्समधला दाखला दुमडू नये म्हणून मी दुसरा हात वर धरलेला,
आणि अंगठ्यानं चाचपत
पहिल्यापासून मोजायला लागली.
मराठीत मोजत होती की कन्नडमध्ये,
गाडीच्या आवाजात ऐकू आलं नाही.
पूल कधी गेला तेही.
कागलला उतरणारे उतरले,
तेव्हा कुठं एकीला बसायला मिळालं.